बेत आखणारांची कैफियत

कुटुंबाची सहल ही मनमोकळेपणाने करावयाची गोष्ट आहे, तिचा तक्ता मांडणे म्हणजे कचेरीतली कारकुनी सुट्टीतही सोबत नेणे होय, असा आक्षेप अलीकडे सुशिक्षित मंडळींत मोठ्या आत्मविश्वासाने केला जातो. आणि फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डला जाण्याची मसलत घरात सुरू झाली म्हणजे तर या आक्षेपाला विशेष धार चढते. न्यू जर्सीत स्थिरावलेल्या लेकीकडे आईवडील उन्हाळ्यापुरते आलेले असतात, पुण्याहून धाकटा भाऊ बायकोमुलांसह यावयाचा असतो, सर्वांनी मिळून ऑरलँडोला जावे असे ठरते, आणि लेक तारखा, तिकिटे, मुक्काम, जेवणाची आरक्षणे यांची टिपणे करू लागते. तोच आरामखुर्चीतून आवाज येतो की, ‘एवढे कशाला? आम्ही काय कमी प्रवास केले? पिशवी उचलली आणि निघालो. तिथे गेल्यावर बघू!’ या एका वाक्यात एक संपूर्ण तत्त्वज्ञान सामावलेले आहे, आणि त्याचे पुरस्कर्ते ते नुसते बोलून थांबत नाहीत. योजनेने उत्स्फूर्तता मरते, ज्या कंपनीला आपण पैसे मोजतो तिचीच हिशेबनिशी आपण फुकट करून देतो, आणि मुळात जे स्थळ पुठ्ठ्याचे आणि रंगाचे आहे त्याच्यासाठी एवढा खल करणे हे अभिरुचीच्या दारिद्र्याचे लक्षण आहे, अशी त्यांची विचारसरणी आहे. तिच्यात काही अंश सत्याचा आहे, तो मी यथास्थळी मान्य करीन. परंतु मूळ प्रमेय चुकीचे आहे, आणि त्या चुकीची किंमत ते मांडणाऱ्याला सहसा मोजावी लागत नाही, हेच या लेखात दाखवावयाचे आहे.

प्रथम स्थळाचे स्वरूप ध्यानी घेतले पाहिजे, कारण आक्षेपकांच्या मनातले चित्र एखाद्या मोठ्याशा जत्रेचे असते. 1960 नंतरच्या दशकात डिस्नेच्या कंपनीने निरनिराळ्या नावांच्या आडून मध्य फ्लोरिडातील दलदलीची जी जमीन गुपचूप खरेदी केली, ती 27,000 एकरांहून अधिक भरली. म्हणजे बोरिवलीचे आपले राष्ट्रीय उद्यान त्यात मावून वर थोडी जागा शिल्लक राहावी. 1967 साली फ्लोरिडाच्या विधिमंडळाने या टापूसाठी स्वतंत्र प्रशासकीय जिल्हा निर्माण करून रस्ते, सांडपाणी, अग्निशमन, बांधकामाचे परवाने हा सारा कारभार जवळजवळ जहागिरीच्या सनदेसारखा कंपनीच्या हाती दिला, आणि 2023 साली राज्य सरकारने त्या जिल्ह्याचे नाव व नेमणुकांचा अधिकार बदलीपर्यंत तो अंमल चालू होता. या टापूत मॅजिक किंग्डम (1971), एप्कॉट (1982), आज हॉलिवूड स्टुडिओज म्हणून ओळखले जाणारे उद्यान (1989) आणि अ‍ॅनिमल किंग्डम (1998) अशी चार स्वतंत्र उद्याने, दोन जलक्रीडास्थाने आणि वीसहून अधिक विश्रामगृहे पसरलेली आहेत. मॅजिक किंग्डमला मोटारीने जाणाऱ्याने गाडी जेथे लावावयाची ते ठिकाण आणि उद्यानाचे प्रवेशद्वार यांच्यामध्ये एक विस्तीर्ण कृत्रिम सरोवर आहे. ते एकरुळी गाडीने किंवा नावेने ओलांडल्यावर मग कुठे दार दिसते. ज्याला हे ठाऊक नाही तो ‘नऊला उघडते ना, मग नऊला पोहोचू’ असे म्हणून नऊ वाजता वाहनतळावर उभा असतो, आणि ज्याला ठाऊक आहे त्याची मुले तेव्हा दाराच्या आत असतात.

हा पहिला तास म्हणजे या स्थळाच्या अर्थव्यवस्थेची किल्ली होय. दार उघडल्यानंतर थोडा वेळ लोक कमी आणि पाळणे मोकळे अशी स्थिती असते. दहा-साडेदहानंतर ज्या रांगेत तासाहून अधिक काळ उभे राहावे लागते, तीच रांग त्या वेळी पाव तासात संपते. कंपनीच्याच विश्रामगृहात उतरलेल्यांना तर अर्धा तास आधी आत सोडतात. यात चातुर्य काही नाही; लवकर निजावे, लवकर उठावे, आणि आधी कोठे जावयाचे हे आदल्या रात्री ठरवून ठेवावे, इतकेच. पण ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणणारा गृहस्थ नेमका याच तासात मधल्या चौकात उभा राहून, उजवीकडे जावे की डावीकडे, या विषयावर कुटुंबाची सार्वत्रिक निवडणूक घेत असतो.

आता उत्स्फूर्ततेविषयी. हे उद्यान मनास येईल तसे भटकण्यासाठी आहे, तेथे वेळापत्रक नेणे हा रसभंग होय, असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच विचारतो की, ज्या भटकंतीला ते स्वैर समजतात ती कोणाच्या मर्जीने चालते? कॅलिफोर्नियातील डिस्नेलँड 17 जुलै 1955 रोजी उघडले, त्या दिवशीच्या गोंधळाची हकीकत प्रसिद्ध आहे: बनावट निमंत्रणे घेऊन लोक शिरले, नळकारागिरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ अपुरे पडले, उन्हाने नव्या डांबरात बायकांच्या बुटांच्या टाचा रुतल्या. त्या उद्यानाच्या अनुभवाचा धडा कंपनीने असा गिरवला की, फ्लोरिडातील उद्यान उभारताना सरोवर खणून निघालेली माती टाकून जमीन उंच केली, तिच्याखाली नोकरांच्या ये-जा करण्याचे बोगदे ठेवले, आणि आपण ज्याला रस्ता समजून चालतो तो वस्तुतः एका इमारतीचा दुसरा मजला आहे. कचरा नळ्यांतून हवेच्या दाबाने वाहून जातो, एका कल्पित देशातला पोशाख केलेला नोकर दुसऱ्या देशातून चालत जाताना दिसू नये याची तरतूद आहे, आणि पाळण्यातून उतरलेल्या मुलाचा हात धरून बाप बाहेर पडतो तो बहुधा खेळण्यांच्या दुकानातच. अशा जागी जो स्वतःचा बेत आणत नाही, तो दुसऱ्याने आखलेल्या बेतात जाऊन बसतो. आणि तो दुसरा आपल्या आजीच्या गुडघ्यांचा विचार करून बेत आखीत नसतो.

येथेच माझ्या प्रतिपादनाचा गाभा आहे, म्हणून येथे थोडे रेंगाळतो. बेताचा हेतू अधिकाधिक पाळण्यांत बसणे हा आहे, असे आक्षेपक गृहीत धरतात, आणि दुर्दैवाने काही बेत आखणारेही तसेच समजतात. वास्तविक बेताचे पहिले प्रयोजन कुटुंबातील जो सर्वांत अशक्त त्याला दिवसाच्या अखेरीपर्यंत टिकविणे हे होय. तीन पिढ्यांचे कुटुंब घ्या. पासष्टीची आजी आहे, तिचे गुडघे जिना उतरताना कुरकुरतात. चार वर्षांचा नातू आहे, त्याला भूक लागल्याचे तो रडू लागल्यावरच कळते. दहा वर्षांची नात आहे, तिला अंधारातून धावणारी ‘स्पेस माउंटन’ची गाडी हवी आहे. या तिघांना एकाच रस्त्याने दिवसभर चालविणे म्हणजे तिघांनाही शिक्षा करणे आहे. आणि बेत नसला म्हणजे एकच रस्ता उरतो: जो सर्वांत धडधाकट त्याच्या पायांचा.

काही पाळण्यांपाशी उंचीचा दंडक असतो. ‘सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन’साठी 38 इंच, ‘स्पेस माउंटन’साठी 44, रांगेच्या तोंडाशी मोजपट्टीचा खांब उभा असतो आणि नोकर अतिशय गोड बोलून, पण रेसभरही न ढळता, मुलाला परत पाठवितो. ते पोर अर्ध्या इंचाने कमी भरते, टाचा उचलून पाहते, नोकर हसून त्याच्या खांद्यावर हात ठेवतो, मग ते आईकडे बघते आणि त्याचा खालचा ओठ बाहेर येतो. हा प्रसंग ज्यांनी पाहिला आहे त्यांनी उत्स्फूर्ततेचे माहात्म्य मला सांगू नये. ही उंची घरी, स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर, बूट घालून, निघण्यापूर्वी मोजता येते, आणि कोणत्या पाळण्यात बसता येईल व कोणत्यात पुढच्या खेपेला, हे मुलाशी आधीच बोलून ठेवता येते. शिवाय अशा पाळण्यांपाशी एक सोय आहे की, आईने लहानग्यापाशी थांबावे, बापाने मोठीला घेऊन जाऊन यावे, आणि मग आईने पुन्हा साऱ्या रांगेत न तिष्ठता आत जावे. या सोयीला पैसे पडत नाहीत. पण मागितल्याशिवाय ती सहसा मिळत नाही, आणि ती आहे हे ज्याला माहीत नाही त्याच्या कुटुंबात आई बाकावर बसून राहते.

आजीची गोष्ट निराळी. तिला चाकांची खुर्ची भाड्याने मिळते. परंतु आपल्याकडच्या आज्या ती प्रथम नाकारतात, आणि दुपारी दोन वाजता, जेव्हा खुर्ची देण्याचे ठिकाण सर्वांत लांब असते, तेव्हा ‘बसले असते तर बरे झाले असते’ असे म्हणतात. म्हणून ही मसलत आदल्या रात्री करावयाची असते, आणि शक्य तो लेकीने करावी, जावयाने करू नये. मॅजिक किंग्डममध्ये ‘कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस’ नावाचे एक फिरते प्रेक्षागृह आहे, 1964 च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यासाठी केलेले आणि 1975 साली फ्लोरिडात आणलेले. एका अमेरिकन कुटुंबाच्या घरात वीज, शीतकपाट, धुलाईयंत्र ही साधने पिढीगणिक कशी आली याची कथा तेथे बोलक्या बाहुल्यांकरवी सांगितली जाते. तरुण मंडळी त्याला कंटाळवाणे म्हणतात. वीस मिनिटे थंड हवेत पाय पसरून बसावयास मिळणाऱ्या, आणि स्वतः चुलीपासून गॅसपर्यंतचा प्रवास केलेल्या आजीला मात्र ते कंटाळवाणे वाटण्याचे कारण नाही. नात ‘स्पेस माउंटन’मध्ये असताना आजी जवळच असलेल्या या प्रेक्षागृहात असेल, अशी योजना आधी केली तरच होते, योगायोगाने असे घडत नाही.

आणि फ्लोरिडाचे आकाश! उन्हाळ्यात तेथे दुपारी ढग भरून येतात, विजा कडाडतात, उघड्यावरचे पाळणे बंद होतात, आणि तासाभराने पुन्हा ऊन पडून जमिनीतून वाफा निघू लागतात. जून ते नोव्हेंबर हा वादळांचाही हंगाम. महाराष्ट्रातील कुटुंबाला एक फायदा असा की, आपल्या शाळांची मे महिन्याची सुट्टी लागते तेव्हा अमेरिकेतल्या बहुतेक शाळा अद्याप चालू असतात. मेच्या पहिल्या पंधरवड्यात गेलेल्याला जुलैतल्या किंवा नाताळातल्या गर्दीचा निम्मा जाचही होत नाही. तिकिटांचे दर 2018 पासून तारखेप्रमाणे बदलतात, तेही याच गर्दीच्या मानाने. तिसरे वर्ष पूर्ण न झालेल्या मुलाला तिकीट नाही आणि दहाव्या वर्षापासून मोठ्या माणसाचे तिकीट आहे. तेव्हा वाढदिवस जवळ आला असता सहल अलीकडे घ्यावी की पलीकडे, हा विचार कद्रूपणाचा नसून जमाखर्चाचा आहे, आणि तो ज्याला क्षुद्र वाटतो त्याने तिकिटांची रक्कम रुपयांत एकदा मांडून पाहावी.

आता ‘पिशवी उचलली आणि निघालो’ या पराक्रमाची थोडी चौकशी करू. पिशवी कोणी भरली होती? प्रवासात खावयाच्या दशम्या कोणी भाजल्या, मुलाचे तापाचे औषध कोणत्या कप्प्यात आहे हे कोणाला ठाऊक होते, गावी पत्र टाकून उतरण्याची सोय कोणी लावली? आमच्या अनेक बेफिकीर प्रवाशांची बेफिकिरी म्हणजे घरातल्या एका बाईने न बोलता वाहिलेली फिकीर आहे. ती कागदावर उतरत नसे, म्हणून ती नव्हतीच असे ते समजतात. आज तीच लेक किंवा सून तक्ता मांडून बसते तेव्हा त्यांना कारकुनीची आठवण होते. तक्ता मांडल्याने काम वाढलेले नाही, फक्त ते दिसू लागले आहे, आणि दिसू लागल्यामुळे वाटून देता येऊ लागले आहे, ही बहुधा त्यांची खरी अडचण असावी.

आपल्या परंपरेत नियोजन नव्हते, हेही खोटे. आळंदीहून निघणाऱ्या पालखीसोहळ्याला हैबतबाबा आरफळकरांनी शिस्त लावून दिली. रथापुढे 27 दिंड्या, प्रत्येकीचा क्रम ठरलेला, सकाळचा विसावा कोठे, दुपारचे जेवण कोठे, रात्रीचा तळ कोठे, रिंगण कोणत्या मैदानावर, हे सारे निघण्यापूर्वी ठरून जाहीर झालेले असते. त्यामुळे वारकऱ्याच्या भक्तीत उणेपणा येतो असे म्हणण्याचे धाडस अद्याप कोणी केलेले नाही. आज रात्री पाठ कोठे टेकावयाची याची चिंता ज्याला उरलेली नाही, त्यालाच दिवसभर अभंग म्हणता येतो.

कंपनीची चाकरी आपण फुकट करतो, हा आक्षेप मात्र वजनदार आहे आणि तो मी झटकून टाकणार नाही. 1971 साली प्रवेशाचे साडेतीन डॉलर घेत आणि पाळण्यांसाठी निरनिराळ्या प्रतीच्या कुपनांची पुस्तके विकत; जो जितके खेळेल तितके देईल. ती पद्धत 1982 मध्ये गेली, एकच तिकीट आले, आणि सर्वांसाठी एकच रांग झाली. 1999 पासून फास्टपासची चिठ्ठी यंत्रातून विनामूल्य मिळू लागली: ठरावीक वेळी या, तोवर इतरत्र फिरा. पुढे तीच चिठ्ठी मनगटावरच्या पट्टीत आणि दूरध्वनीत शिरली, पण पैसे पडत नव्हते. 2021 साली मात्र कंपनीने या सोयीवर दर लावला, आणि 2024 पासून ‘लायटनिंग लेन’ या नावाने तिचे बहुविध प्रकार झाले; विश्रामगृहातले पाहुणे सात दिवस आधी आणि इतर लोक तीन दिवस आधी, फ्लोरिडातल्या सकाळी सात वाजता, म्हणजे उन्हाळ्यात पुण्यातल्या दुपारी साडेचार वाजता, हव्या त्या वेळा निवडू लागले. जी वस्तू काल सर्वांना फुकट होती ती आज पैसेवाल्यांना विकणे, आणि वर त्या विक्रीमुळे साध्या रांगेतल्यांना अधिक तिष्ठावे लागणे, हा मला अन्याय वाटतो. तसे मी स्वच्छ लिहून ठेवतो.

पण या अन्यायावर उपाय म्हणून आक्षेपक काय सुचवितात? काहीच पाहू नये, वाचू नये, जाऊन उभे राहावे! जकातीचा दर न वाचता नाक्यावर जाणाऱ्याकडून नाकेदार कमी वसूल करीत नसतो. उलट ज्याने तक्ता वाचला आहे त्याला कळते की, पहिला तास साधला तर चारांपैकी दोन उद्यानांत तरी त्या विकतच्या रांगेवाचून पुष्कळसे निभते. खाण्यापिण्याच्या गाड्यांपाशी नव्हे, पण जेथे पेये ओतून देतात अशा खिडकीवर मागितल्यास बर्फ घातलेले पाणी पेल्यात फुकट मिळते. काचेची बरणी आणि मद्य सोडून घरचे खाणे आत नेता येते, त्यामुळे आजीच्या पिशवीतले ठेपले आणि चिवडा यांना बंदी नाही. या तीन गोष्टी न जाणणारे सहाजणांचे कुटुंब एका दुपारी पाणी आणि तळलेले बटाटे यांवर जे खर्च करते, त्यात एका चांगल्या जेवणाची सोय झाली असती. ते जेवणही बसून घ्यावयाचे तर साठ दिवस आधी आरक्षण खुले होते. शाकाहारी मंडळींसाठी सांगतो की, अ‍ॅनिमल किंग्डमच्या विश्रामगृहात ‘सना’ नावाचे भोजनगृह आहे, तेथे नान आणि नाना तऱ्हेच्या चटण्या मिळतात, आणि खिडकीबाहेर जिराफ चरत असतात. ऐन वेळी दारात उभे राहून हे मिळेल, अशी आशा कोणी करू नये.

राहिला कृत्रिमतेचा मुद्दा, त्यावर फार शाई खर्च करण्याची माझी इच्छा नाही. होय, ते कृत्रिम आहे. एप्कॉटमध्ये सरोवराभोवती अकरा देशांचे देखावे आहेत, त्यांत भारत नाही. आणि अ‍ॅनिमल किंग्डममध्ये ‘आनंदपूर’ नावाचे जे आशियाई गाव आहे ते जगाच्या कोणत्याही नकाशावर नाही, तरी तेथल्या पडक्या राजवाड्यात हिंडणारे वाघ खरे आहेत. संगीत नाटकातला राजवाडाही पडद्यावरच रंगविलेला असे, आणि आक्षेपकांच्याच वडिलांनी त्यासाठी रात्र रात्र जागविली. ज्याला तेथे जावयाचे नाही त्याने जाऊ नये. पण जाणाऱ्याने वाईट रीतीने जावे, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

बेतालाही बेताची मर्यादा असते, हे मी मान्य करतो. पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत प्रत्येक पाव तास पाळण्यांनी भरलेला, मुलाला लघवीला जाण्यासही रकाना न ठेवणारा तक्ता मी पाहिला आहे, आणि तो करणाऱ्याला बेत आखता येत नाही असेच मी म्हणेन. आमच्या घरच्या कागदावर दुपारी एक ते चार या वेळात काहीही लिहिलेले नसते. उद्यान सोडून मुक्कामावर परतावे, आजीने निजावे, मुलांनी पोहावे, विजा कडाडल्या तर छताखालून पाहाव्या, आणि ऊन उतरल्यावर ज्याला जावयाचे असेल त्याने पुन्हा जावे. सकाळी सातला दारात उभे राहण्याची सक्ती आम्ही मान्य करतो ती हे तीन तास मोकळे राहावेत म्हणून. त्या रकान्यात एखादा पाळणा बसवता येईल का, अशी विचारणा दरवेळी होते, आणि ती बहुधा त्याच आरामखुर्चीतून येते, ज्यातून आधी ‘तिथे गेल्यावर बघू’ असे ऐकू आलेले असते; ती नामंजूर करण्याचा अधिकार आम्ही आजीकडे दिला आहे.